गेलेल्या गळ्याचे गाणे

करुण गाणे ऐकून डोळे भरून येणे आणि गाणारा आता या जगात नाही या जाणिवेने डोळे भरून येणे, या दोन्ही गोष्टींना आपण दुःखच म्हणतो. पण त्या एक नाहीत. पहिल्या प्रकारात शब्द करुण असतात, चाल करुण असते आणि ऐकणारा त्यांच्यामागे जातो. दुसऱ्या प्रकारात गाणे खट्याळ असेल, शृंगाराचे असेल, नाहीतर नुसता लखलखीत तराणा असेल, तरीही पोटात कालवते. या दुःखाचे कारण गाण्यात सापडत नाही. गाणाऱ्याबद्दल आपल्याला जे ठाऊक असते, त्यातून ते येते. आश्चर्य असे की ते टाळावे असे वाटत नाही. आपण तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा लावतो. हे दुःख आपल्याला का हवेसे वाटते, आणि त्याने गाण्याचे भले होते की नुकसान, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करायला 'एकच प्याला' या नाटकाच्या पदांइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. त्यात थोडा स्थानमहिमाही आहे. मी सावनेरचा. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे संत्र्यांच्या आणि कोळशाच्या पट्ट्यातले गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका मृत्यूमुळे नोंदले गेले. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी इथे क्षयाने गेले. वय अवघे ३३. आजारपणात ते भावाकडे आले होते. 'भावबंधन'चा शेवट त्यांनी इथेच, मरणाच्या उंबरठ्यावर पुरा केला. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. 'एकच प्याला' लिहून झाले होते, पण रंगभूमीवर आले नव्हते. गडकरी गेल्यावर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. भरजरी शालू-शेल्यांसाठी नावाजलेल्या या नटाने सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसले आणि दारूपायी धुळीला मिळालेल्या संसाराचे दुःख गाण्यातून उभे केले.

आज बालगंधर्वांच्या आवाजात सिंधूचे पद ऐकताना आपल्यापर्यंत एकाच वेळी तीन दुःखे येतात. एक सिंधूचे, म्हणजे कल्पित पात्राचे. दुसरे गडकऱ्यांचे, ज्यांना आपले नाटक पाहायला मिळाले नाही. तिसरे खुद्द बालगंधर्वांचे. १५ जुलै १९६७ रोजी तेही गेले, आणि त्याआधीची त्यांची उतारवयातली विपन्नावस्था महाराष्ट्राला ठाऊक आहे. ऐकताना ही तिन्ही एकमेकांत मिसळून जातात. विचार करताना मात्र ती वेगळी काढावी लागतात.

पहिल्या दुःखाची उकल आपल्या परंपरेने पूर्वीच करून ठेवली आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने करुणाला सर्व रसांचे मूळ मानले. अभिनवगुप्ताने साधारणीकरणाची कल्पना विशद केली: रंगमंचावरचे दुःख अमुक एका माणसाचे राहत नाही, ते सर्वांचे होते, म्हणून ते बोचत नाही, आस्वाद्य होते. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीचा सिद्धान्त मांडला. वाचक किंवा प्रेक्षक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अनुभवातून आनंद होतो, असे त्यांचे म्हणणे. योगायोग असा की हे संमेलनही बडोद्यालाच भरले होते. सिंधूसाठी रडून बाहेर पडलेला प्रेक्षक समाधानी का दिसतो, हे यावरून कळते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दुःखाला मात्र हे उत्तर लागू पडत नाही. त्यांचे साधारणीकरण होत नाही, कारण त्यांना नाव आहे, तारीख आहे. बालगंधर्वांच्या आठवणीने कालवाकालव होते तेव्हा मी त्यांच्या भूमिकेत शिरत नाही. मी मागे उरलेला असतो. हे दुःख रसापेक्षा श्राद्धाच्या जवळचे आहे.

आधुनिक मानसशास्त्रानेही या कोड्यात लक्ष घातले आहे. लीला तारुफी आणि स्टेफान कोएल्श या संशोधकांनी २०१४ मध्ये जगभरातल्या ७७२ श्रोत्यांची पाहणी प्रसिद्ध केली. उदास संगीत ऐकताना सर्वांत जास्त वेळा जागी होणारी भावना खुद्द दुःख ही नव्हती, ती होती गतकाळाची ओढ. शिवाय शांतता आणि कोमलता यांचाही अनुभव लोकांनी सांगितला. अशा संगीतातल्या दुःखाची प्रत्यक्ष आयुष्यात किंमत मोजावी लागत नाही, हेही त्याच्या सुखाचे एक कारण निघाले. त्याआधी डेव्हिड ह्यूरन यांनी असा तर्क मांडला होता की, उदास सुरांनी प्रोलॅक्टिन हे सांत्वन देणारे संप्रेरक स्रवत असावे. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहृदय श्रोत्यांमध्ये प्रोलॅक्टिन वाढण्याऐवजी उतरलेले आढळले. तेव्हा रसायनाचे उत्तर अजून पक्के नाही. गतकाळाच्या ओढीचे उत्तर मला पटते, पण अर्धेच. मी बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेले नाही. जो काळ मी जगलोच नाही, त्याची ओढ मला का लागावी?

उरलेले उत्तर ध्वनिमुद्रिकेत आहे, असे मला वाटते. भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे गुरू. 'स्वयंवर'च्या चाली त्यांच्या. १९२२ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. १९४६ मध्ये गेलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या आवाजाचीही तीच गत. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी लिहून ठेवले म्हणून या दोघांची थोरवी आपण जाणतो. वाचताना आदर वाटतो, हळहळही वाटते. पण बालगंधर्वांची तबकडी लावल्यावर पोटात जे होते, ते भास्करबुवांविषयी वाचताना होत नाही. कारण तबकडीत श्वास आहे. पदाच्या ओळीआधी घेतलेला दम, एखादा शब्द लडिवाळपणे लांबवून अलगद सोडणे, समेवर येण्याआधीची किंचित ओढ, हे सारे अगदी आत्ता घडल्यासारखे ऐकू येते. कान सांगतो की माणूस समोर आहे, आणि मन सांगते की तो नाही. या दोन खात्र्या एकाच क्षणी भेटतात, आणि ते दुःख तिथे जन्मते. म्हणूनच त्यासाठी तो काळ जगलेला असावा लागत नाही.

त्यात आणखी एक भर आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत घेत कितीतरी लांबे, आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. म्हणजे आपल्या हाती आहे तो मूळ गाण्याचा आराखडा. तबकडी जेवढे ऐकवते, तेवढेच काय काय गेले याची जाणीवही देते. राग उरतो, पद उरते, चालही पुढच्या पिढ्या उचलतात. गळ्याने त्या त्या क्षणी घेतलेला निर्णय मात्र दुसऱ्याला देता येत नाही. आपण शोक करतो तो त्याचा.

आता नुकसानीकडे. चरित्र माहीत झाले की ते गाण्यावर पसरते. १२ मार्च १९११ रोजी, 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. ही हकिगत ऐकलेल्या माणसाला भामिनीची खेळकर पदे पुन्हा निव्वळ खेळकर ऐकू येत नाहीत. खरे तर तबकडीत ती रात्र नाही. ती आपण बाहेरून आणून ठेवतो. सावनेरकरांचे तर याहून सोपे चुकते. सिंधूची पदे ऐकताना आम्हाला मरणाच्या दारात लिहिणारे गडकरी दिसतात. पण 'एकच प्याला'तील पदे गडकऱ्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. हळहळ अस्सल असली, तरी पत्ता चुकलेला असतो, आणि त्यात गुर्जरांचे श्रेय हरवते. मृत्यूची कथा जितकी चटका लावणारी, तितके तिच्याआड उभे असलेले लोक दिसेनासे होतात.

म्हणून हे दुःख वाईट ठरत नाही. पण ते आपल्याला कुठे नेते हे पाहावे लागते. आपल्याकडे त्याला चांगले वळण देण्याची रीत आहे. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात गायक हजेरी लावतात. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या नावाने महोत्सव होतो आणि त्यांच्याच ध्वनिमुद्रिकेने त्याची सांगता होते. इतके जिवंत गळे ऐकल्यावर शेवटी सगळा मांडव एका गेलेल्या गळ्यापुढे गप्प बसतो. तिथे भाषण नसते. शोक आणि श्रवण वेगळे राहत नाहीत.

आमच्या गडकऱ्यांची पुण्यतिथी २३ जानेवारीला येते. त्या दिवशी हार घालावेत, आठवणी सांगाव्यात. पण सिंधूचे एक पद बालगंधर्वांच्या आवाजात सुरुवातीच्या खरखरीसकट पुरते ऐकावे, आणि ऐकण्याआधी गुर्जरांचे नाव घ्यावे. गेलेल्या कलावंताविषयी वाटणारे दुःख आपल्याला पुन्हा गाण्यापाशी आणून बसवत असेल, अधिक बारकाईने ऐकायला लावत असेल, तर ते गाण्याच्या हिताचे आहे. नुसते चुकचुकायला लावत असेल, तर त्यात कलावंतापेक्षा आपलेच कौतुक अधिक असते.