सूर, शब्द आणि श्रोत्याचे मन

गाणे श्रोत्यापर्यंत दोन वाटांनी पोचते. लय, स्वर आणि आवाजाचा पोत अर्थ कळण्याआधीच शरीराला हलवतात. शब्द त्या जाग्या झालेल्या भावनेला विषय देतात. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यासह वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात भजन, भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या लोकांच्या जगण्याचा भाग राहिल्या. या दोन वाटा कशा एकत्र येतात, हे त्यांतून नीट समजते.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांची रसांशी सांगड घातलेली आहे: षड्ज-ऋषभ वीर, रौद्र व अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला, मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला आणि धैवत बीभत्स-भयानकाला. 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि गीत, वाद्य व नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हटले.

आधुनिक संशोधनाने शरीराची बाजू उजेडात आणली. कॅनडातील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले, की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन स्रवते. त्या क्षणाची वाट पाहतानाही ते स्रवते, मात्र मेंदूच्या वेगळ्या भागात. समेची ओढ आणि समेवर येताच मिळणारे समाधान यांमागेही अशीच अपेक्षा असते. 1999 च्या एका अभ्यासात हिंदुस्थानी रागांची ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांनीही आनंद, दुःख आणि संताप हे भाव बऱ्याच अंशी ओळखले. संथ गती दुःखाची, जलद गती आनंदाची खूण ठरली.

शब्दांचा परिणाम एकसारखा नसतो. 2006 च्या एका प्रयोगात शब्दांमुळे दुःखी आणि रागीट संगीताचा भाव गडद झाला, तर आनंदी आणि शांत संगीताचा काहीसा फिका पडला. दुःखाला कारण लागते आणि ते शब्द पुरवतात. भुलाबाईची गाणी याला वेगळीच जोड देतात. त्यांत सासरचा जाच आणि माहेरची ओढ असते, पण चाल मोजक्या स्वरांची, ठेक्याची, घोळक्याने म्हणायची. शब्द जड आणि चाल हलकी असल्यामुळे मुलींना मनातला सल चारचौघींत उघडपणे मांडता येतो. जात्यावरच्या ओवीत दळणाची लय हाच ताल. एकट्या बाईचे दुःख त्या लयीवर शब्दांत उतरे आणि श्रमही हलके होत. गिरण्या आल्यावर ओवीचा तो प्रसंगच उरला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, हे मोठेच काम आहे.

सूर आणि शब्द यांच्या एकत्रित ताकदीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे खंजेरी भजन. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे 1909 मध्ये जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ते गावोगावी नेले आणि 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. मुख्य गायक खंजेरीवर ठेका धरतो, साथीदार ध्रुपद उचलतात, लय चढत जाते. सोपी ओळ पुन्हा पुन्हा येत असल्याने श्रोता लवकरच गाऊ लागतो. एका तालात हालचाल आणि उच्चार करणाऱ्यांत आपलेपणा वाढतो, असे मानसशास्त्रीय प्रयोगही सांगतात. या भजनांत व्यसनमुक्ती, ग्रामसफाई, जातिभेदाला विरोध आणि स्वातंत्र्य हे विषय होते. 1942 च्या आंदोलनात महाराजांना अटक झाली. भजनाने जागवलेली भावना कृतीकडे वळू शकते, हे राज्यकर्त्यांनीही ओळखले होते.

श्रोत्याची स्मृती हा तिसरा घटक. तरुण वयात ऐकलेली गाणी पुढे त्या काळची माणसे आणि प्रसंग यांच्यासह आठवतात. म्हणून एकच चाल एकाला सुखावते, दुसऱ्याला रडवते. दुःखी गाणे ऐकूनही अनेकांना बरे वाटते, कारण प्रत्यक्ष हानी न होता दुःख अनुभवता येते आणि ते आपल्या एकट्याचे नाही हे कळते. म्हणून गाण्याचा परिणाम केवळ रागावरून किंवा केवळ कवितेवरून सांगता येत नाही. चाल, शब्द, प्रसंग, सोबत आणि श्रोत्याचा पूर्वानुभव या साऱ्यांनी मिळून तो ठरतो.