परकी सत्तेची मुद्रा : नाईलकाठ आणि अपरान्त

उत्तनच्या टोकावरून उत्तरेस पाहिले असता वसईची खाडी व तिच्या पलीकडे वसईचा किल्ला दिसतो. त्याच्या मागे काही मैलांवर सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडातील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकलला. त्यात यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे मिळाले. नाण्याच्या एका बाजूस राजाचे मुख कोरलेले आहे. सातवाहनांच्या तांब्याच्या व शिशाच्या नाण्यांवर सामान्यतः हत्ती, सिंह, चैत्य, उज्जयिनीचिन्ह यांसारखी चिन्हे आढळतात. राजमुख प्रायः नसते. मग चांदीवर ते कोठून आले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना समकालीन इजिप्तचा दाखला उपयोगी पडतो.

इ. स. पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेले. त्यानंतर न्यूबियातील कलाब्शा व देंदूर येथील देवळांच्या भिंतींवर ऑगस्टस दिसतो. परंतु तो रोमन वेषात नव्हे, तर दुहेरी मुकुट धारण करून देवांना नैवेद्य अर्पण करणाऱ्या फेरोच्या रूपात. चित्रलिपीतील लांबट वर्तुळात त्याची ‘ऑटोक्रेटर’, ‘कैसर’ ही बिरुदे लिहिलेली असतात. देंदूरच्या काही वर्तुळांत तर राजाचे नावही नाही. नुसते ‘फेरो’ एवढेच आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. इजिप्ती उपासनेच्या वाक्यात ‘राजा’ हा कर्ता अनिवार्य होता; त्याच्यावाचून पूजा सिद्ध होत नसे. पुरोहितांनी वाक्यरचना आपली ठेवली आणि कर्त्याच्या जागी परकी नाम बसविले. ही रीत दीर्घकाळ टिकली; तिसऱ्या शतकाच्या मध्याला एस्नाच्या देवळात सम्राट डेसिअसही याच वेषात उभा आहे. उलट, अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर त्याच सम्राटांची मुखे पाश्चात्त्य पद्धतीची असून अक्षरे ग्रीक आहेत. देवळातील प्रतिमा देवांना व पुरोहितांना उद्देशून होती. नाण्यावरील प्रतिमा बाजारपेठेला.

या दोन प्रदेशांना जोडणारा साक्षीदारही उपलब्ध आहे. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारे व कल्याण ही बंदरे येतात. त्यातील भडोचकडील राजाचे नाव म्हणजे क्षहरात नहपानच होय, असे अनेक अभ्यासक मानतात. भडोचच्या बाजारात मिनांदर व अपोलोडोटस यांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अद्याप चालत असल्याचेही तो नमूद करतो. चांदीच्या नाण्यावर राजाचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरे असावीत, ही पश्चिम भारतातील पेठेची सवय अशी जुनी होती.

नहपानाने ती सवय उचलली. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर मुख असून लेख तीन लिप्यांत आहेत : ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, यांतील ग्रीक लेखाची भाषा ग्रीक नाही. ‘राञो छहरातस नहपानस’ हे प्राकृत, षष्ठ्यन्त प्रत्ययांसह, ग्रीक अक्षरांत उतरविले आहे. यवन राजांच्या नाण्यांवर ग्रीक ही भाषा होती. येथे ती केवळ मुद्रा झाली. पुढील क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही अक्षरे अर्थ गमावून नक्षीवत् उरली. वाचणारा नसला तरी अक्षरे राहिली, कारण त्यांच्यावाचून नाणे ‘नाण्यासारखे’ दिसत नसे.

गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या सुमारे १३,२५० नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याने आपला ठसा मारला आहे : एका बाजूस चैत्य व स्वतःचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचिन्ह. पुष्कळ नाण्यांवर या ठशाखालून नहपानाच्या मुखाच्या रेषा अजून दिसतात. जेत्याने येथे मुखाला मुखाने उत्तर दिले नाही, चिन्हाने दिले. पण त्याच्या वंशजांनी, वासिष्ठीपुत्र पुळुमावीपासून यज्ञ सातकर्णीपर्यंत, चांदीवर आपलीच मुखे कोरविली. शत्रू गेला, त्याने रूढ केलेला साचा राहिला. मात्र त्या साच्यात एक बदल झाला. ग्रीक व खरोष्ठी अक्षरे गेली; एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस बहुतेक अभ्यासक द्राविडी मानतात ती भाषा आली. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या नाण्यावरील ‘अरहणकु’, ‘मकणकु’ या रूपांतील ‘कु’ हा प्रत्यय तमिळच्या चतुर्थीची आठवण करून देतो. तीन लिप्यांच्या जागी दोन भाषा आल्या, आणि दोन्ही येथल्या प्रजेच्या.

येथे दोन्ही उदाहरणांतील भेद स्पष्ट होतो. इजिप्तमध्ये व्याकरण देशी व नाम परकी. अपरान्तात व्याकरण परकी व नाम देशी. पहिल्या ठिकाणी सत्ता रोमची असूनही प्रतिमेच्या नियमांवर अधिकार पुरोहितांचा होता. दुसऱ्या ठिकाणी सत्ता सातवाहनांची असूनही चांदीच्या नाण्याचे नियम पेठेने व क्षहरातांनी आधीच घालून दिलेले होते. म्हणून फेरोच्या वेषातील ऑगस्टस पाहून रोम इजिप्ती झाला असे म्हणणे जसे चुकीचे, तसेच सातकर्णीचे मुख पाहून तो परकी संस्कृतीला शरण गेला असे म्हणणेही चुकीचे होय.

भाषेत शब्द उसना आला म्हणजे भाषा पराभूत झाली, असे आपण मानीत नाही. कोणता घटक आला, कोणत्या जागी बसला आणि कोणासाठी, हे आपण आधी विचारतो. राजसत्तेच्या प्रतिमांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. चेहरा कोणाचा, एवढे ओळखल्याने प्रतिमा वाचून होत नाही. ती कोणत्या रचनेत बसविली आहे आणि कोणी वाचावी म्हणून, हे कळल्यावरच तिचे वाचन पुरे होते.