चपड्याचा हात

१९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली आणि संतूर-बासरीच्या जोडीनं ब्रिजभूषण काब्रांची गिटारही घरोघर पोचली. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची ही हवाईयन रीत. बँकेतल्या माझ्या एका मित्राला त्या मिंडेनं वेड लावलं. निवृत्तीनंतर त्यानं सागाच्या भरीव फळीतून अशी गिटार घडवली. पॉलिश तेवढं राहिलं आणि तो गेला. वहिनींनी ती माझ्या नेरुळच्या घरी पाठवली.

पावसाळाभर मी तिला हात लावला नाही. चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. खाडीकाठच्या दमट हवेत तो पांढुरका पडतो. ऑक्टोबरात रेषांच्या दिशेनं पॉलिशपेपर मारला. रंग पाण्यात कालवला. स्पिरिटचा रंग चपड्याबरोबर उचलला जातो. मग सुती बोळ्यानं चपड्याचे पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर पुढचा.

गिटारच्या पाठीवर मित्रानं पेन्सिलीनं मापं मांडली होती. त्याचे ते टपोरे आकडे मी वर्षानुवर्षं लेजरमध्ये पाहिलेले. तिथे पॉलिशपेपर फिरवला नाही, रंगही लावला नाही. नुसता चपडा दिला. रंग झाकतो, चपडा राखतो. ते आकडे आता पुसले जाणार नाहीत.