लहान मोटारीचें मागचें दार व लांब माल

पूर्वीं ज्या शेतकऱ्याच्या अंगणांत बैलगाडी सुटलेली दिसे, त्याच्या अंगणांत आज बहुधा एक लहान मोटार उभी असते. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली. त्यानंतर हळूहळू अशा गाड्या शहराबाहेर पडून खेड्यांत शिरल्या, आणि आतां छत्रपति संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारांत सकाळीं जाऊन पाहिलें असतां टेंपोंच्या जोडीनें अशा कित्येक मोटारी उभ्या दिसतात. गाडी घेतलेली असते ती मंडळींस दवाखान्यांत व लग्नकार्यास नेण्याकरितां. पण शहरांत गेलेला शेतकरी रिकाम्या हातांनीं परत येत नाहीं. ठिबकच्या नळीचें वेटोळें, टोमॅटोच्या मांडवाचे बांबू, दाराची चौकट, चार-दोन सळ्या असें कांहींतरी मागल्या बाजूनें आंत कोंबलें जातें. डिकीचें दार लागत नाहीं. मग दुकानदार हातभर सुतळी देतो, ती दार व बांबू यांस मिळून गुंडाळतात, शेवटास लाल फडकें लावतात, आणि गाडी गांवाकडे निघते. या रीतींत ज्या चुका आहेत त्या सर्व आम्हीं स्वतः केलेल्या आहेत, म्हणून त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो असें वाटतें.

पांच-सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. मांडवासाठीं आठ फुटी बांबूंची मोळी घेऊन आम्ही शहरांतून पैठणच्या रस्त्यानें गांवीं येत होतों. मागल्या बाजूस घरची मंडळी व लहान नातू. दिवस उन्हाळ्याचे, म्हणून पुढच्या दोन्ही कांचा खालीं केलेल्या. बिडकीन येईतों मुलगा मलूल झाला, त्याचें डोकें दुखूं लागलें व त्यास ओकारी झाली. मंडळींचेंही डोकें जड झालें होतें. गाडी लागली असें समजून आम्हीं लिंबू चोखावयास दिलें व तसेंच पुढें निघालों. इतक्यांत एका गतिरोधकावर गाडी आदळली, मोळी वीतभर मागें सरकली, आणि मोळीस बांधलेलें दार तिच्याबरोबर वर उडालें. मागून येणारा दुचाकीस्वार सावध होता म्हणून निभावलें. गांवीं पोंचल्यावर डॉक्टरांकडे गेलों, तों त्यांचा पहिलाच प्रश्न : “भाऊसाहेब, मागचें दार उघडें ठेवून आलांत काय?”

त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस मागाहून कळला. मोटार पुढें धांवते तेव्हां तिच्या पाठीमागें हवेची पोकळी होते, व ती भरून काढण्यासाठीं आजूबाजूची हवा भोंवरा घेत गाडीच्या पाठीशीं परत येते. कच्च्या रस्त्यानें गेलेल्या मोटारीच्या मागल्या कांचेवर सर्वांत अधिक धूळ कां बसते, याचें कारण हेंच. धुराच्या नळीचें तोंडही त्याच ठिकाणीं. दार उघडें असलें म्हणजे जी धूळ कांचेवर बसावयाची तिच्या वाटेनें धूर आंत येतो. धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं व वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती हीं त्याचीं पहिलीं लक्षणें. पुढें शुद्ध हरपते व प्राणही जातो. लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांस त्याची बाधा लवकर होते. ज्यास गाडी लागली असें वाटतें त्यास खरोखर धूर लागलेला असूं शकतो, हें ध्यानांत ठेवावें. अशा वेळीं गाडी थांबवून सर्वांस उतरवावें, मोकळ्या हवेंत बसवावें व डॉक्टरकडे न्यावें. लिंबावर विसंबूं नये.

येथें एक गोष्ट उलटी वाटेल. दार उघडें असतां बाजूच्या कांचा उघड्या ठेवल्या म्हणजे धूर निघून जाईल, अशी आमची समजूत होती. घडतें तें निराळें. बाजूच्या खिडक्यांतून आंतली हवा बाहेर ओढली जाते, आणि तितकीच हवा मागच्या फटींतून धुरासह आंत येते. म्हणून कांचा बंद कराव्या, पंखा मोठ्या वेगावर ठेवावा, आणि हवा आंतल्या आंत फिरविणारी कळ बंद करून बाहेरची हवा आंत येईल अशी ठेवावी. पुढून ताजी हवा दाबानें आंत येत राहिली कीं ती मागच्या फटींतून बाहेर पडते व धुरास अटकाव होतो. शिवाय फट गोणपाटानें किंवा जुन्या सतरंजीनें बुजवावी, व त्या खेपेस मुलांबाळांस गाडींत घेऊंच नये.

आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला, त्यामुळें कागदांत काय लिहिलें आहे तें पाहिल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. लाल फडकें लावलें कीं माल कितीही बाहेर काढावा, ही समजूत अद्याप घट्ट आहे. पूर्वीं मालवाहू गाडीस मागें एक मीटरपर्यंत माल बाहेर ठेवण्याची सवलत नियमांत होती. सळ्यांनीं फार माणसें मरूं लागल्यावरून २०१४ सालीं ती काढून टाकण्यांत आली. पुढें २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन कलम १९४ यांत पोटकलम १-अ घालण्यांत आलें. माल, मालाचा भाग “किंवा कोणतीही वस्तु” गाडीच्या बाजूस, पुढें, मागें अगर उंचीस मर्यादेबाहेर जाईल तर २०,००० रुपये दंड, माल उतरविण्याचा खर्च वेगळा, आणि माल मर्यादेच्या आंत रचल्यावांचून गाडी हलवावयाची नाहीं, असा त्याचा आशय आहे. वीस हजारांत बांबूच्या किती मोळ्या येतात याचा हिशेब वाचकांनीं करावा. फडकें लावूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. फडक्यानें माल कायद्यांत बसत नाहीं, एवढेंच सांगतों.

मग दार बांधावयाचा प्रश्न उरतो कोठें? उरतो, आणि तो नेहमींचा आहे. या गाड्यांची मागली कांच पुढें कललेली असते व खालचा बंपर तिच्याहून मागें असतो. नळीचें मोठें वेटोळें किंवा तिरका ठेवलेला बांबू बंपरच्या आंत राहूनही कांचेस अडतो, आणि दार चार बोटें किंवा वीतभर उघडें राहतें. ही परीक्षा करण्यास गवंड्याचा ओळंबा पुरे. नसल्यास दोरीस दगड बांधून मालाच्या अगदीं मागच्या टोकापासून खालीं सोडावी. दगड बंपरच्या आंत पडला तर तो माल दार बांधून नेण्यासारखा आहे. बाहेर पडला तर त्या गाडीचा तो माल नव्हे. दार फार उचललें गेलें तर दारच बंपरबाहेर येतें, नंबरपाटी आकाशाकडे पाहूं लागते आणि दारावरचा थांबण्याचा दिवा मागच्यास दिसत नाहीं. म्हणून वीतभराच्या वर फट राहत असेल तर माल काढून पुन्हां रचावा. आमच्या मतें इतकें उघडें दार घेऊन रात्रीं निघूंच नये.

आतां बांधण्याची रीत. मुख्य गोष्ट एकच आहे : माल गाडीस बांधावा, दार गाडीस बांधावें, दार मालास बांधूं नये. मोळी सरकली तरी दार जागीं राहिलें पाहिजे, व दाराची दोरी तुटली तरी मोळी जागीं राहिली पाहिजे. आमच्या सुतळीनें दोहोंचें नशीब एक केलें होतें, म्हणून तो प्रसंग आला.

माल बांधण्यास मागल्या आसनाची पाठ ज्या लोखंडी कडींत अडकते ती कडी, किंवा लहान मुलांच्या आसनासाठीं नव्या गाड्यांत दिलेल्या कड्या चांगल्या. प्लास्टिकचे खटके व आसनांचे दांडे यांवर भरंवसा ठेवूं नये. मोळी आधीं तिच्यापुरती दोन ठिकाणीं आंवळून घ्यावी, कारण सुटे बांबू एकावर एक घसरतात. दारासाठीं खालच्या चौकटींत जी लोखंडी कडी असते, जीत दाराचें कुलूप अडकतें, तिच्याइतकी बळकट जागा त्या भागांत दुसरी नाहीं. कांहीं गाड्यांत कडी वर व कुलूप खालीं असतें, पाहून घ्यावें. नायलॉनची करंगळीएवढी दोरी खालच्या कडींतून व दाराच्या कुलुपाच्या पोलादी भागांतून दुहेरी ओवावी. पत्र्याच्या धारेशीं घासते तेथें सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा. दार व माल यांच्यामध्यें घडी केलेलें पोतें ठेवून मग दोरी ओढावी, म्हणजे दार हादरत नाहीं. गांठ सुरगांठ असावी. निरगांठ मारली तर वाटेंत पोलिसानें किंवा घरीं पाहुण्यानें घाई केली असतां कोयता शोधावा लागतो. दुसरी एक दोरी पहिलीपासून स्वतंत्र अशी बांधावी. दुचाकीवर लावतात ते रबरी हुकांचे पट्टे या कामीं एकटे उपयोगाचे नाहींत. वाऱ्यानें दार उचललें कीं ते ताणतात. वायपर, बंपर, कांचेवरचा प्लास्टिकचा पंख यांस तर दोरी लावूंच नये.

कडब्याची गाडी भरून चार शेतें पुढें गेलें कीं नाडा पुन्हां ओढावा लागतो, हें आपणांस सांगावयास नको. मोटारींतही माल बसतो. दोनएक किलोमीटरवर थांबून दोऱ्या पाहाव्या.

मालाचें मागचें टोक सर्वांस दिसतें. पुढच्या टोकाकडे कोणी पाहत नाहीं, आणि धोका तेथें अधिक. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जातांना एकाएकीं अडथळा आला तर गाडी थांबते, मोळी थांबत नाहीं. त्या वेगांतील वीस किलोच्या मोळीचा जोर सुमारें दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, सोडलेल्या मोळीइतका असतो. यासाठीं पुढचें टोक चालकाच्या बाजूस नसावें. डावीकडचें आसन पाडून त्या बाजूनें माल न्यावा, टोकास गोणपाट गुंडाळून तें खालीं पाय ठेवण्याच्या जागेंत टेकवावें, कांचेवर किंवा हवेच्या पिशवीच्या झांकणावर टेकवूं नये. त्या आसनावर अगर त्याच्या मागें कोणासही बसवूं नये. गिअरच्या दांड्यास माल लागत नाहीं हें निघण्यापूर्वीं पांचही गिअर टाकून पाहावें.

वेगाविषयीं एवढेंच कीं वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो : चाळीसचे ऐंशीं केले तर दारावरचा दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतून जातो व तेथें मोटारीस ताशीं १२० ची मुभा आहे. बांधलेल्या दारानें सावंगीहून किंवा माळीवाड्याहून त्यावर चढण्याचा मोह आवरावा.

वीस फुटी पाइपांविषयीं वाचक विचारतात म्हणून सांगतों. अल्टो के-१० ची सबंध लांबी ३,५३० मिलिमीटर, वॅगन-आर ची ३,६५५. वीस फूट म्हणजे सुमारें ६,१०० मिलिमीटर. गाडीच्या नाकापासून शेंपटापर्यंत पाइप ठेवला तरी तो दोन मीटरांहून अधिक बाहेर उरतो; दोरी कितीही चांगली असो, हा हिशेब बदलत नाहीं. ज्यास आपण छोटा हत्ती म्हणतों त्या टेंपोंतही तो मावत नाहीं. दुरुस्तीपुरते एक-दोन पी.व्ही.सी. पाइप हवे असतील तर दुकानांतच तीन तुकडे करून घ्यावे व कपलर लावून जोडावे. पण प्रत्येक सांधा ही गळतीची एक जागा, हें जाणून जमिनीखालच्या मुख्य ओळीस असे तुकडे वापरूं नयेत. तुषार सिंचनाचे पाइप तर कापावयाचे नसतातच. जालन्याच्या सळ्यांचेंही तेंच. आमच्या शेजारच्या पांच जणांनीं गेल्या हंगामांत मिळून एक मोठी मालगाडी केली व भाडें वांटून घेतलें. प्रत्येकी खर्च मोटारीच्या दोन खेपांच्या इंधनाहून फारसा अधिक आला नाहीं.

घरीं आल्यावरची एक बारीक गोष्ट राहिली. दार उघडें असेपर्यंत डिकींतला दिवा जळत राहतो, म्हणून कित्येक जण स्क्रू-ड्रायव्हरनें कुलुपाचा जबडा मिटवून ठेवतात. आम्हीही तसें करतों. पण माल उतरविल्यावर आधीं आंतली कळ ओढून किंवा किल्लीनें तो जबडा उघडावा व मगच दार लावावें. जबडा मिटलेला असतां दार जोरानें आपटलें तर कडी वांकते, आणि मग रिकामी गाडीसुद्धां दोरीनें बांधून शहरांत न्यावी लागते.