सिद्धतेची हमी आणि गृहीतकांची जबाबदारी

मे २०२५ मध्ये दहिसर ते काशीगाव या मेट्रोमार्गावर गाड्यांची चाचणी सुरू झाली, तेव्हा पेणकरपाड्यात दुसरा विषयच नव्हता. या मार्गावरील पांडुरंगवाडी स्थानक आमच्या वस्तीला जवळचे. त्याच दिवसांत एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘‘सर, रिकामी गाडी किती फेऱ्या बिनचूक धावली म्हणजे ती सुरक्षित आहे असे समजायचे?’’ प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाचा नव्हता. पण तो टाळण्याजोगाही नव्हता. किती फेऱ्या पुरेशा, याचे प्रामाणिक उत्तर ‘कितीही नाहीत’ असेच द्यावे लागते.

थोडे गणित करून पाहू. एखाद्या स्थानकाच्या आवारात सिग्नल, सांधे आणि रुळांचे खंड मिळून ४० घटक आहेत आणि प्रत्येकाच्या दोनच अवस्था आहेत असे धरू. सिग्नल लाल किंवा हिरवा. सांधा सरळ किंवा वळता. खंड मोकळा किंवा व्यापलेला. या सर्वांच्या मिळून होणाऱ्या जुळण्यांची संख्या दोनाचा चाळिसावा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी इतकी भरते. दर सेकंदाला एक जुळणी तपासली तरी काम पुरे व्हावयास जवळजवळ ३५ हजार वर्षे लागतील! चाचणीने दोष आहे हे कळते, दोष नाही हे सिद्ध होत नाही, हे डच संगणकतज्ज्ञ डाइक्स्ट्रा यांचे प्रतिपादन किती यथार्थ आहे हे यावरून ध्यानी येईल.

मग मार्ग कोणता? तो आपल्या शाळेतील भूमितीच्या तासालाच सापडतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, हे पटविण्यासाठी कोणी शिक्षक हजार त्रिकोण मोजीत बसत नाही. तो एकदाच सिद्धता देतो आणि ती सर्व त्रिकोणांना लागू पडते. हीच दृष्टी यंत्रणांकडे वळविली की रूपबद्ध पडताळणीचे शास्त्र उभे राहते. प्रथम यंत्रणेची प्रतिकृती गणिताच्या भाषेत मांडावयाची. नंतर ‘एका खंडात एकाच वेळी दोन गाड्या कधीही असणार नाहीत’ यासारखे विधान निःसंदिग्ध शब्दांत लिहावयाचे. आरंभीच्या अवस्थेत ते खरे आहे आणि यंत्रणेच्या प्रत्येक संभाव्य पावलानंतरही ते खरेच राहते, एवढे दाखविले की गणिती विगमनाने काम साधते. प्रत्येक जुळणी एकेक करून तपासावी लागत नाही.

या शास्त्राला अर्धशतकाहून अधिक परंपरा आहे. टोनी होअर यांनी १९६९ मध्ये आज्ञावलीविषयी तर्कशुद्ध अनुमान करण्याचे नियम मांडले. अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये ‘सदैव’ आणि ‘कधीतरी’ या कालवाचक कल्पना संगणकशास्त्राच्या तर्कात आणल्या. प्रतिकृतीच्या सर्व अवस्था यंत्राकडूनच पद्धतशीर तपासून घेण्याची रीत शोधल्याबद्दल क्लार्क, इमर्सन व सिफाकिस यांना २००७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पॅरिसमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या चालकविरहित चौदाव्या मेट्रोमार्गाची सुरक्षाविषयक आज्ञावली अशा सिद्धतांच्या आधारेच रचली गेली. आपणही याबाबतीत अगदीच मागे नाही. पवईच्या आयआयटीत या विषयाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले, आणि पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व आराखडा केंद्रात आज्ञावल्यांच्या पडताळणीचे लक्षणीय काम झाले.

तथापि येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने एक इशारा दिला पाहिजे. ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ हे पालुपद आम्ही प्रत्येक सिद्धांतास जोडतो, आणि इतर परिस्थिती कायम राहत नाही म्हणून फजितही होतो. गणिती सिद्धतेलाही असेच पालुपद असते. फरक इतकाच, की ते तेथे लेखी मांडावे लागते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतबाहेर नष्ट झाले. जुन्या एरियन-४ साठी लिहिलेली आज्ञावली त्यात तशीच वापरली होती. जुन्या अग्निबाणाच्या वेगासाठी खरे असलेले गृहीतक नव्याच्या वेगापुढे टिकले नाही.

आपल्या देशातील उदाहरण याहून विदारक आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला, परंतु सांधा बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर ती आदळली आणि २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. सिग्नलच्या विद्युतमंडलात फेरफार करताना झालेल्या चुका रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पुढे आल्या. सांधा एकीकडे आणि त्याविषयीची खबर दुसरीकडे, अशी अवस्था असेल तर आतील तर्क कितीही निर्दोष असो, निष्कर्ष घातकच निघणार. कागदावरची सिद्धता तारेच्या टोकाशी संपते. तेथून पुढे माणसाची जबाबदारी सुरू होते.

म्हणून ‘संगणकाने तपासले आहे’ एवढ्यावर नागरिकांनी समाधान मानू नये. नेमके कोणते विधान सिद्ध केले, कोणती गृहीतके धरली आणि यंत्रणेत फेरफार झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली काय, हे तीन प्रश्न सार्वजनिक पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यंत्रणेबाबत विचारले गेले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे जाहीर झाली पाहिजेत. चुकीची किंमत कंत्राटदार किंवा अधिकारी क्वचितच मोजतो. ती सकाळच्या गाडीला लटकणारा कारकून मोजतो.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी इतकेच सांगितले: फेऱ्या मोजू नकोस, गृहीतके विचार. आमच्या महाविद्यालयांतून तर्कशास्त्राचा विषय दिवसेंदिवस मागे पडत असताना हे उत्तर अपुरे आहे, हे मला ठाऊक आहे. पण प्रश्न विचारण्याची ती सवय लागली, तर पुढचे उत्तर त्याची पिढी शोधील.