एका घरातील दोन मते

निवडणुकीचा निकाल म्हणजे लोकमत, असे मानण्याची घाई आपण नेहमीच करतो. धाराशिव तालुक्यातील बेंबळीच्या परिसरात सोयाबीनवर वर्षाचा प्रपंच चालतो. २०२४ साली हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारातील दर त्याच्या बराच खाली राहिला. खरेदीतील ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के झाली ती नोव्हेंबरात. तोवर गरजूंनी माल विकला होता! मात्र 'लाडकी बहीण' योजनेचे पाच हप्ते, ७,५०० रुपये, मतदानापूर्वीच खात्यांत पोहोचले. क्विंटलमागे सातशेंची तूट धरली, तर अकरा क्विंटलांतच ही रक्कम संपते. बाईला हिशेब कळत नाही, हा शहरी निष्कर्ष उथळ होय. सोयाबीनची पट्टी सहसा नवऱ्याच्या नावे फाटते. हप्ता तिच्या स्वतःच्या खात्यात येतो.