चालण्याआधीचं शिकणं

मणक्याच्या टीबीने पाय गेले, असं वॉर्डात एका वाक्यात सांगतात. प्रत्यक्षात ते महिनोन्महिने चाललेलं असतं: पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरतं वजन, मग जिना चढताना पाय जड. जंतू हाड पोखरतात, मणका खचतो, पू साठतो आणि मज्जारज्जूवर दाब येतो. अपघात नाही, म्हणून धावपळही होत नाही. माझ्या वहिनीचं असंच झालं. ऑपरेशनने दाब गेला, गोळ्या किमान वर्षभर चालणार होत्या. पण पायांसाठी वेगळं काम करावं लागणार होतं.

सुरुवात टिल्ट टेबलवर. पट्ट्यांनी बांधून टेबल हळूहळू उभं करतात. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाचा रक्तदाब उभं होताच घसरतो, अंधारी येते. फिजिओ मॅडमची नजर वहिनीच्या ओठांवर असे. ते पांढरे पडू लागले की टेबल खाली. “ताई, श्वास रोखू नका.”

सगळ्यात जास्त शिकावं लागलं ते लघवीचं. मूत्राशय भरल्याचं वहिनीला कळत नसे, ते पुरतं रिकामंही होत नसे. दाब मागे गेला तर मूत्रपिंडं खराब होतात. म्हणून दर चार ते सहा तासांनी बारीक नळी घालायची, एका वेळी 500 मिलीच्या आत. आधी सिस्टरने, मग आरसा धरून वहिनीने स्वतः. घरी जंतुसंसर्ग होईल, ही दादाची धास्ती. पण अमेरिकेतल्या डॉ. लॅपिडीस यांनी 1972 मध्येच दाखवून दिलं होतं की साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. महत्त्व वेळ पाळण्याला. प्यायलेलं पाणी, निघालेली लघवी, वेळ, सगळं वहीत. भेटायला येणारे विचारत, “चालणार कधी?” वहीबद्दल कुणी विचारत नसे. मला मात्र वाटतं, लग्नाकार्याला जाता येणं, रात्रीची सलग झोप, लाज न वाटता चारचौघांत बसणं, हे सगळं त्या वहीवर अवलंबून होतं.

रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडावर लाली आली का पाहायचं. बोटाने दाबूनही लाली फिकी पडली नाही, तर त्या जागेवर भार बंद.

पुढे उजव्या पायाचा अंगठा हलला. मग कॅलिपर लावून पॅरलल बारमध्ये उभं राहणं, चार पावलं, पायांत गोळे, पुन्हा बसणं.

घरी सोडण्याआधी मॅडमनी संडासाच्या दाराचं माप मागवलं. व्हीलचेअर आत जाईना. दादाने गवंडी बोलावला, उंबरा फोडला, चौकट रुंद केली.